मामा प्रत्येक पिक्चरमध्ये मरायचे

मी भुताचे पिक्चर काढतो. निदान माझी तरी तशी समजूत आहे. बघणाऱ्यांची समजूत वेगळी आहे, आणि इतकी वर्षं हेच काम केल्यावर खरं कुणाचं धरावं ते मलाच उमगेनासं झालंय.

पहिला पिक्चर आम्ही केजच्या एका मंगल कार्यालयात पडदा लावून दाखवला होता. चिंचेच्या झाडावरून हडळ उतरते आणि पाणी शेंदणाऱ्या बाईच्या मागे येऊन उभी राहते, हा त्यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग. तो लिहिताना मी स्वतः घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पडद्यावर हडळ उतरायला लागली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सांभाळून उतर गं, साडी अडकंल!" झालं, सगळं कार्यालय हसायला लागलं ते शेवटपर्यंत. पिक्चर संपल्यावर एक गृहस्थ डोळे पुसत बाहेर आले आणि माझा हात धरून म्हणाले, "लई दिवसांनी असं हसलो बघ. अजून काढ." मला असा राग आला होता की त्यांचा हात झटकून टाकावा. आणि त्याच वेळी 'अजून काढ' हे शब्द गोडही लागत होते. घरी गेलो, जेवलो नाही, आणि ताटावरून उठून दुसरा पिक्चर लिहायला बसलो. असं का केलं ते विचारू नका.

आमचा कारभार असा. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माझ्या मित्राचा, त्यामुळे लग्नसराईत आमची भुतं सुट्टीवर असतात. रात्रीचे प्रसंग आम्ही भर दुपारी घेतो आणि नंतर कॉम्प्युटरवर निळे करतो, कारण रात्री लाइट कधी जाईल याचा नेम नाही. धुकं हवं असलं की धारूरच्या किल्ल्यात ओला लिंबाचा पाला जाळतो, मग भूत यायच्या आधीच नायिका खोकून बेजार होते. रक्त गुळाच्या पाकात कुंकू कालवून करतो. त्याला मुंग्या लागतात आणि मेलेली माणसं खाजवायला लागतात. पिक्चर आम्ही नेटवरही टाकतो, त्यामुळे हे सगळं लोकांना मोबाइलवरही दिसतं. मला वाटायचं दिसणार नाही.

खरी अडचण माणसांची. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, ती साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. एका पिक्चरच्या अर्ध्यात आमची हडळ नवऱ्याबरोबर कर्नाटकात ऊस तोडायला निघून गेली. पुढच्या अर्ध्याला दुसरी बाई मिळाली ती तिच्यापेक्षा वीतभर उंच. पिक्चरखाली लोकांनी लिहिलं, 'भुताला गुण आला.' पण त्याच दिवसांत गावं अशी होतात की भुताच्या पिक्चरला मुद्दाम बांधूनही मिळणार नाहीत. दाराला कुलपं, ओट्यावर एखादं कुत्रं, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं. तीच माझी नटमंडळी. त्यांना भरून आल्यासारखं व्हायचं मी आलो की, आणि मलाही.

त्यांत पहिले माझे मामा, आईचे थोरले भाऊ. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन धारूरच्या अलीकडे डोंगराच्या कडेला आपल्या गावी एकटेच राहायचे. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्याकडे भाच्याचा मान असतो, मामा त्याचा शब्द खाली पडू देत नाही. पण या मामांना मानापेक्षा हौसच जास्त होती. प्रत्येक पिक्चरमध्ये ते मरायचे. विहिरीत पडून मेले, झाडावरून पडून मेले, एकदा नुसते दचकून मेले. पोळ्याच्या सुमाराला त्यांचा फोन ठरलेला. "भाच्या, औंदा कसं मारतोस मला?"

या मरण्यापायी त्यांची लेक त्यांच्याशी बोलायची बंद झाली होती. एकुलती एक. मला मोठी म्हणून मी तिला अक्का म्हणतो. तिला सिरसाळ्याला दिलेली, घर जमिनीवालं, सासरे राजकारणातले. तिच्या मुलाच्या जावळाला मांडव भरलेला असताना कुणीतरी मोबाइलवर आमचा पिक्चर लावला. त्यात मामा मरून पडलेले आणि मुंग्या चावतात म्हणून बरगडी खाजवतायत. मोबाइल या हातातून त्या हातात फिरला. सासऱ्यांच्या सोबतचे पुढारी हसायला लागले, आणि एकजण म्हणाला, "व्याही लई नामी गाठलात की!" सासरे पानात मान घालून जेवत राहिले. मांडव रिकामा झाल्यावर अक्का मामांना म्हणाली, "आबा, एक तर पिक्चर, न्हाईतर मी." मामांना वाटलं चेष्टा आहे. ते हसले. ती चेष्टा नव्हती.

पुढे कित्येक दिवाळ्या ती माहेरी आली नाही, फोन नाही. मामा तिचं नावही काढायचे नाहीत. पण मेलेल्या माणसाचा प्रसंग चालू असतानासुद्धा मोबाइल खिशात ठेवायचे, आणि काढून ठेवा म्हटलं की माझ्यावर चिडायचे.

त्या वर्षीचा पिक्चर जीपमधल्या म्हाताऱ्याचा होता. नायक वडापच्या, म्हणजे शिटा भरून नेणाऱ्या, जीपने केजला येतो, वाटेत शेजारच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारतो, उतरतो, आणि चौकात बघतो तर त्याच म्हाताऱ्याचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स. आमच्या चौकांत फ्लेक्सची काही कमी नाही. वाढदिवसाचा कुठला आणि श्रद्धांजलीचा कुठला हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. इथं तरी कुणी हसणार नाही, याबद्दल माझी खात्री होती. म्हातारा अर्थातच मामा.

त्यात दहाव्याचा एक प्रसंग होता. ओढ्याकाठी पिंड मांडलाय, म्हाताऱ्याचा जीव अडकलेला असल्यामुळे कावळा शिवत नाही, आणि म्हाताऱ्याचं भूत मागे उभं राहून बघतंय. कावळे लांब झाडावर बसलेले हवे होते. खऱ्या दहाव्याला माणसं हात जोडून थकतात तरी कावळा येत नाही, आणि आमच्या खोट्या पिंडावर सगळे एकदम तुटून पडले. मी ओरडलो, मित्र ओरडला, मामा पांढऱ्या धोतरात हात हालवत पुढे धावले. त्यातला एक कावळा त्यांच्या टाळूवर बसला आणि चोच मारून उडाला.

आम्ही सगळे खो खो हसलो. मामा हसले नाहीत. डोक्याला हात लावून तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "आजच्यापुरतं बास."

आमच्याकडे डोक्याला कावळा शिवला तर ते मरणाचं बोलावणं समजतात. त्यावर उतारा एकच. त्या माणसाच्या जवळच्या नातेवाइकाकडे तो मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. निरोप खरा मानून तो नातेवाईक रडला की आलेलं मरण टळतं. आईला हे कळल्यावर ती भावाकडे धावत आली. मी म्हणालो, "अगं, मामा मरून मरून थकले, अख्खा तालुका त्यांना मेलेलं बघतो. अजून किती खोटा निरोप पाहिजे?" आई म्हणाली, "त्याला कोण रडतं? हसतेत सगळे."

मी बी.ए. झालेला माणूस. भुताचे पिक्चर काढतो तरी भुतावर माझा विश्वास नाही. पण त्या वर्षीच्या पावसाळ्यात अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मामांच्या छातीचं दुखणं सांगितलं होतं, जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यामुळे कावळ्याला नुसतं हसून सोडताही येईना. मला मामा हवे होते. पिक्चरसाठी नव्हे, मला माझे मामा हवे होते.

मामा खाटेवर बसून म्हणाले, "निरोप धाडायचा कुणाला? एकच तर हाय." मग म्हणाले, "आन् ती रडली न्हाई तर?"

त्यांना मरणाची भीती वाटत होती की लेक रडणार नाही याची, ते मला तेव्हा कळलं नाही. मला म्हणाले, "तूच फोन कर. तू डायरेक्टर हायस, तुला बराबर सांगता येईल." मी अक्काचा नंबर लावायचो आणि वाजायच्या आत तोडायचो. ती 'बरं' एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला तर मामांना तोंड कसं दाखवू? आणि रडली तर तिला तोंड कसं दाखवू? रोज मामा नुसते माझ्याकडे बघायचे आणि मी रोज उद्याचा वायदा करायचो.

मधेच फ्लेक्सचं घडलं. चौकातला प्रसंग सकाळी गर्दी व्हायच्या आत घ्यायचा होता म्हणून फ्लेक्स आदल्या दिवशीच चढला. मामांचा कंडक्टरच्या खाकी कपड्यातला फोटो, खाली 'शोकाकुल: समस्त ग्रामस्थ व मित्रमंडळ'. सकाळी आमचं काम झालं, पण फ्लेक्स उतरवायला आम्ही विसरलो. कुणीतरी त्याचा फोटो काढला, तो मोबाइलवर फिरला, लोकांनी खाली हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो सिरसाळ्याला पोचला. आम्ही विसरलो असं मी म्हणतो. फ्लेक्सवाला म्हणतो, मामांनीच त्याला सांगितलं होतं, आणखी एक दिवस राहू दे म्हणून. मामांनी देवाशपथ नाही म्हटलं. म्हणताना त्यांनी खाली बघितलं होतं. आता कुणाला विचारू?

त्या दुपारी आम्ही मामांच्याच अंगणात तिरडीचा प्रसंग घेत होतो. मामांना तिरडीवर निजवून सुतळीने आवळून बांधलं होतं, नाकात कापूस, अंगावर गुलाल. भोवती गावातल्या म्हाताऱ्या बसवल्या होत्या, पण त्यांना रडू येईना. एक तोंडावर पदर घेऊन हसत होती, दुसरी मामांना विचारत होती, "सुतळी लागती का वो?" मी डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात रस्त्याकडून हंबरडा ऐकू आला.

अक्का. घरच्या गाडीची वाट न बघता वडापच्या जीपने फाट्यापर्यंत आली होती आणि तिथून पळत. कॅमेरा तिला दिसलाच नाही. सरळ येऊन तिने तिरडीवर अंग टाकलं. "आबा! आबा, मला एक फोन कावून केला न्हाई वो? मी न्हाई केला तर तुमी करायचा की! माझं आयकू नये वाटलं का तुमाला? आबा!" ते ऐकून म्हाताऱ्यांना खरंच रडू फुटलं. सगळं माहीत असलेली माझी आईसुद्धा रडायला लागली.

मी तिथंच उभा. 'कट' म्हणावं हे मला समजत होतं. एकीकडे वाटत होतं, रडू दे, कावळ्याचं फिटू दे. एकीकडे अक्काची दया येत होती, जीव तुटत होता. आणि माझी नजर मात्र सारखी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे जात होती, कारण माझ्या कुठल्याच पिक्चरमध्ये असा प्रसंग कधी आला नव्हता. मित्राने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी त्याला कसलीच खूण केली नाही.

मामांचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे गेलं. अक्काने ते पदराने टिपलं, पुन्हा आलं, पुन्हा टिपलं, आणि तिचा हात थांबला.

"आबा?"

मामा डोळे न उघडता म्हणाले, "भाच्या, कट म्हण की लेका. सुतळी काचतीय."

अक्काने त्यांना दोन्ही हातांनी बडवलं. बांधलेले होते, हलताही येईना. "मेला न्हाईत? मेला न्हाईत तुमी?" असं ओरडत ओरडतच ती गाठी सोडायला लागली. सुटेनात तेव्हा दातांनी सोडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला मी बघतेच." पण बघायचं राहिलं. ती आत गेली, चूल पेटवली, आणि सगळ्यांना भाकरी आणि पिठलं करून घातलं. संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला, तेव्हा चुलीपुढूनच म्हणाली, "न्हाई, जित्ते हायत. मी राहते थोडे दिवस." मामा ओट्यावर बसून बोटाने कानातला गुलाल काढत होते. चेहरा असा खुशीत की जणू लग्नाला निघालेत.

तो प्रसंग पिक्चरमध्ये ठेवायचा की नाही यावर मी खूप दिवस अडून बसलो. मामा म्हणाले, "ठेव. एवढं रडलं कुणी कुणाच्या बापाला?" अक्काने पुन्हा पुन्हा बघितला आणि म्हणाली, "ठेव. माझं तोंड कुठं दिसतंय, नुसता पदर दिसतोय."

पुन्हा तेच मंगल कार्यालय. फ्लेक्सच्या प्रसंगाला लोक हसले. ते मी सोसलं. मग अक्काचा हंबरडा आला, आणि लोक त्याहून जोरात हसले. मामा आता उठून बसणार हे त्यांना माहीत होतं ना! मी अंधारात वळून अक्काकडे बघितलं. ती मामांच्या शेजारी बसली होती, तोंडात पदर कोंबून, आणि हसत होती. गदागदा हसत होती आणि डोळ्यांना पाणी. मामा तिच्या पाठीवर थापटत होते. मी काय काढलं होतं? लोक जे बघत होते ते, की मी तिरडीजवळ उभा राहून बघितलं ते? तो पिक्चर आमच्या सगळ्या पिक्चरपेक्षा जास्त चालला. अजून जीपमध्ये कुणीतरी तो लावून बसलेलं दिसतं, आणि बरोबर त्याच जागी हसू येतं.

आई म्हणाली, कावळ्याचं फिटलं. तसं वागायला मामांनी काही कसर ठेवली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक पिक्चरमध्ये ते मेले आणि प्रत्येक वेळी अक्का सिरसाळ्याहून रडायला आली. सासरे निवडणूक हरले होते, आता लाज बाळगायला तिकडे कुणाला सवड नव्हती, उलट सासूच विचारायची, "व्याह्यांचं औंदा कधी हाय?" अक्का रडायलाही छान शिकली. मला सांगायची, "आधी बातमी दे, मग मला आत सोड. एकदम रडू येत न्हाई." मग शूटिंगच्या आदल्या दिवशी मी तिला फोन करायचा आणि गंभीर आवाजात म्हणायचं, "अक्का, आबा गेले." ती तिकडून हसत सुटायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने हजर.

यंदा पट्टा पडल्यावर माणसं गावात परतायला लागली होती. दारांची कुलपं निघत होती, ट्रॅक्टरमधून संसार उतरत होते. मी मामांकडे गेलो होतो, आईही होती. दुपारचा चहा झाला. मामा पुढच्या पिक्चरबद्दल बोलत होते; विजेच्या तारेला चिकटून मरायचं त्यांच्या मनात होतं. बोलता बोलता कप खाटेखाली ठेवायला वाकले आणि तसेच कलंडले. मला पहिल्यांदा वाटलं करून दाखवतायत. मी म्हणालोसुद्धा, "मामा, विजेनं असं नाही मरत." आई उठली, त्यांच्या तोंडाजवळ हात नेला, आणि खाली बसली.

डॉक्टर येऊन गेले. शेजारचे आले. अक्काला कळवायला हवं होतं आणि ते मीच करायला हवं होतं. फोन लावला. तिने लगेच उचलला.

"अक्का, आबा गेले."

ती हसली. "इतक्या लवकर? उन्हाळ्यात कधीपासून काढायला लागलास?"

"अक्का, खरंच गेले. आत्ता. चहा पिता पिता."

"हे चांगलं हाय. पण आवाज लई बारीक काढलास बघ. दमानं म्हण जरा."

मी पुन्हा म्हणालो. दमाने म्हणालो. इतक्या माणसांना मी ही अशी वाक्यं कशी म्हणायची ते शिकवलंय, आणि मला एकही तऱ्हा अशी सापडेना की जी मी आधी तिच्यासमोर वापरलेली नव्हती. शेवटी काही सुचलं नाही म्हणून फोन आईकडे धरला. आई मामांचे पाय धरून रडत होती. अक्काने थोडा वेळ ऐकलं.

"आत्याला बी घेतलंस व्हय यंदा?" ती म्हणाली. "चांगली रडती की."

"अक्का, तू ये."

"येते की. भाकरी टाकते आन् निघते." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आन् आबाला सांग, मी येस्तोवर उठू नका म्हणावं."

मी म्हणालो, सांगतो.